आत कोणीतरी आलं होतं

"मेलात का?" बाहेरून बायकोने विचारलं.

"मेलो," खोडरबर म्हणाला.

"मग बोलताय कसे? गप पडा. ओढतेय मी."

खोडरबर पलंगावर उताणा पडला होता आणि मान वाकडी करून दाराच्या कडीकडे बघत होता. कडीच्या बोंडाला नायलॉनच्या दोऱ्याचा फास अडकवला होता. तिथून दोरा चौकटीत ठोकलेल्या एका खिळ्याला वळसा घालून दाराखालच्या फटीतून बाहेर गेला होता. दोरा ताणला गेला. कडी जागची हलली नाही. दोरा आणखी ताणला गेला, खिळा वाकला आणि दोरा फटकन तुटला. बाहेर बायको धपकन खाली बसल्याचा आवाज आला.

"लागलं का?" पलंगावरच्या प्रेताने विचारलं.

"मला काय होतंय! अजिबात हलली नाही का हो?"

"हलली. थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"अगदी जराशी," खोडरबरने ठोकून दिलं.

तिने दार उघडून डोकं आत घातलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते, पण चेहरा उजळला होता. "जराशी हलली म्हणजे सरकू शकते," ती म्हणाली. "दोरा जाड पाहिजे, आणि ओढायला दांडगा माणूस पाहिजे. रविवारी छोट्या येईलच. त्याला लावते ओढायला. तो ओढेल ना, तेव्हा तुम्ही कडीकडे बघा. मी त्याच्या तोंडाकडे बघते."

खोडरबर उठला आणि चादरीला पडलेल्या सुरकुत्या हाताने सारख्या करू लागला. त्या पलंगावर आडवं व्हायची घरात कोणालाच परवानगी नव्हती, मेल्याचं सोंग घेण्यापुरती काय ती सूट. पलंग त्यांच्या मुलाचा होता. मागच्या वर्षी याच खोलीत, याच दाराला आतून कडी लावून, त्याने आपला जीव घेतला होता. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, म्हणून सुताराने बाहेरून बिजागऱ्यांचे स्क्रू काढून ते उतरवलं. कडी तेव्हाही आत जशीच्या तशी लागलेली होती. खिडकीला गज होते. पोलीस आले, त्यांनी खोली बघितली, दोन प्रश्न विचारले आणि संशय घेण्यासारखं काही नाही असं सांगून ते गेले. सुताराने दार पुन्हा बसवून दिलं. म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं, तेवढा मुलगा सोडून.

खोडरबर हे त्याचं ऑफिसातलं नाव. खरं नाव होतंच, पण ते हजेरीपुरतं. तो एका लहानशा प्रकाशनात कामाला होता. परदेशी मांगा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चित्रांतून सांगितलेल्या जाडजूड गोष्टी, तिथे भाषांतर करून छापत. चित्रातल्या माणसांच्या तोंडून निघालेल्या फुग्यांतली परकी अक्षरं पुसायची, अक्षरांखाली झाकला गेलेला भिंतीचा किंवा शर्टाचा तुकडा पुन्हा रेखाटायचा आणि मोकळ्या फुग्यात आपली अक्षरं नीट बसवायची, हे त्याचं काम. लोक आयुष्यभर काही ना काही कमावतात, मी आयुष्यभर पुसत आलो, असं तो हसत हसत सांगायचा. मुलगा गेल्यापासून सांगत नसे.

या कामात आणखी एक गोम होती. मूळ पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. मालकांचं म्हणणं असं, की आपल्या गिऱ्हाइकाला उलटं पुस्तक दिलं तर तो पहिल्याच पानावर शेवट बघून पुस्तक दुकानातच ठेवून जाईल. म्हणून प्रत्येक पान आरशात दिसावं तसं फिरवून छापत. पान फिरलं की चित्रातलं सगळं जग डावखुरं होतं. शर्टाचा खिसा दुसऱ्या छातीवर जातो, घड्याळ दुसऱ्या मनगटावर. मग फुग्यात 'डावा' असेल तिथे 'उजवा' करावं लागतं आणि 'उजवा' असेल तिथे 'डावा'. एकदा खोडरबर रजेवर असताना हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि "माझा डावा हात गेला हो!" म्हणून ओरडणारा माणूस उजवा हात गळ्यात बांधून छापला गेला. तेव्हापासून खोडरबरच्या रजा मालकांच्या डोळ्यांत खुपत.

गेली काही वर्षं प्रकाशनाचं घर चालत होतं ते एका मालिकेवर. बंद खोलीतले खून. प्रत्येक भागात एक खोली, आतून बंद, आणि आत एक प्रेत. पोलीस म्हणायचे, आत्महत्या, दुसरं काय. मग यायचा एक दातांचा डॉक्टर. काडीसारखा माणूस, गालात कायम गोळी धरलेला, स्वतःचे दात किडलेले. तो खोलीत फिरायचा, पडद्याचा वास घ्यायचा, उंबऱ्याशी आडवा होऊन फटीतून बघायचा. वाचणारा पान उलटायचा आणि पुढचं अख्खं पान काळंभोर निघायचं, त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत एकच वाक्य असायचं. आत कोणीतरी आलं होतं. ते वाक्य प्रत्येक भागात खोडरबरच्या हाताखालून जायचं. वाचकांना तेच हवं असायचं. ते पान येईपर्यंत लोक बसचा थांबा चुकवत आणि चुलीवरचं करपू देत, असं संपादकबाई अभिमानाने सांगत.

मुलाने मात्र त्यातला एकही भाग वाचला नाही. खोडरबर नवं पुस्तक घरी आणायचा, तो चाळायचा आणि ठेवून द्यायचा. "शेवटी सगळं सुटतंच ना, बाबा? मग वाचायचं कशाला?" खोडरबरला तेव्हा ते बोलणं आळशी पोराचं वाटलं होतं. शिक्षण संपलं होतं, नोकरी लागत नव्हती, लागलेली टिकत नव्हती, आणि दुपारी बारापर्यंत अंथरुणात पडलेल्या तरण्याताठ्या मुलाचं कोणतंही बोलणं बापाला आळशीच वाटतं.

मुलगा गेल्यावर बायकोने बोलणं टाकलं. रडणं नाही, भांडण नाही, काही नाही. जेवायला वाढायची, स्वतः ताट पुढ्यात घेऊन बसून राहायची. असे कितीतरी महिने गेले. मग एके दिवशी कपाटाच्या फळीवर अंथरायला खोडरबरने ऑफिसातले रद्दी कागद आणले. नुसती पुसलेली पानं होती ती, फुगे मोकळे, माणसं तोंडं उघडून बोलताहेत आणि शब्दच नाहीत. संध्याकाळी तो घरी आला, तर भांडी जमिनीवर आणि बायको कपाटासमोर मांडी ठोकून ते कागद बघत बसलेली.

"हा माणूस काय म्हणतोय?" तिने विचारलं.

खोडरबरने पिशवीही खाली ठेवली नाही. तसाच तिच्या शेजारी बसला आणि त्याने तिला सांगितलं की हा पोलीस आहे, आत्महत्या आहे म्हणतोय, आणि हा दातांचा डॉक्टर, हा म्हणतोय थांबा. तिने पुढचं पान मागितलं. पुढचं पान त्याच्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला आणि आख्खा भागच उचलून घेऊन आला.

नंतरचे महिने त्याला, खोटं कशाला बोला, सुखाचे गेले. बायको पुन्हा केस विंचरू लागली, जेवू लागली. ऑफिसातून आल्या आल्या पानं हातात घ्यायची, आणि तो फुग्यांत काय आहे ते वाचून दाखवायचा. आधी नुसती ऐकायची, मग बोलू लागली. "ही बाई खोटारडी आहे. बघा, छत्री कोरडी आहे तिची." किंवा, "कपबश्या दोन? एकट्या माणसाला दोन कशाला?" बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं. साध्या कादंबऱ्या तिने कधी वाचल्या नव्हत्या. तिचं म्हणणं, लिहिणारे शब्दांनी टोपी घालतात. इथे तसं नाही. खोलीच्या चार भिंती समोर काढलेल्या, कुठली उशी खाली पडलीय, कुठला दिवा चालू राहिलाय, सगळं उघड्यावर. बघायला डोळे तेवढे पाहिजेत. आणि डोळे असले की उत्तर सापडतंच. कोणीही उगाच मरत नाही. प्रत्येक मेलेल्या माणसापाशी कोणीतरी येऊन गेलेलं असतं.

ती हे का वाचते, हे खोडरबरला कळत नव्हतं असं नाही. पण घरात बोलणं सुरू झालं होतं, आणि त्याने मुद्दामच जास्त विचार केला नाही.

गफलत त्याच्याच तोंडून झाली. एका भागात दोऱ्याने कडी सरकवायची युक्ती होती. बायको त्या पानावर फार वेळ अडून बसली. "आपली कडी डावीकडे आहे," ती म्हणाली, "यांची उजवीकडे." आणि खोडरबरने आपल्या धंद्यातलं ज्ञान पाजळलं. "मूळ चित्रात डावीकडेच असते. आम्ही पान फिरवतो ना, म्हणून उजवीकडे दिसते." बायको उठली. पान घेऊन खिडकीशी गेली आणि पाठकोरी बाजू आपल्याकडे करून तिने ते काचेवर धरलं. बाहेरच्या उजेडात कागदातून चित्र दिसू लागलं. पलंग भिंतीशी. खिडकीला गज. दार बाहेर उघडणारं, कडी डावीकडे.

"अहो," ती म्हणाली, "ही आपली खोली आहे."

खोडरबरने परोपरीने सांगून पाहिलं. जगातल्या निम्म्या खोल्या अशाच असतात, चित्र काढणाऱ्याने आपलं घर स्वप्नातही पाहिलेलं नाही. तिने ते ऐकून घेतलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा चौकटीत खिळा ठोकलेला होता.

दोऱ्याने कडी लागते, तर दोरा ओढणारा कोण, हा प्रश्न ओघानेच आला. आणि त्याला उत्तर एकच होतं. घराची दुसरी किल्ली तिच्या धाकट्या भावाकडे असायची. त्या दिवशी दुपारी तो घरी येऊन गेला होता. त्याचं आणि भाच्याचं वाजलं होतं. तो गेल्यावर ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली होती, तेवढ्यात तो परत आला असणार. हे सगळं तिने दातांच्या डॉक्टरच्या थाटात, खोलीत येरझारा घालत खोडरबरला सांगितलं. फक्त गालात गोळी नव्हती.

या भावाला ती छोट्या म्हणायची. छोट्या आता चाळिशी उलटलेला, टायरच्या दुकानात काम करणारा, अंगापिंडाने दारात मावणार नाही असा गडी होता. तळहातांच्या रेघांत काळं कायमचं बसलेलं. मुलगा गेल्यावर नातेवाईक आधी आले, मग फोन करू लागले, मग तेही बंद झालं. अशा घरात बसायचं कसं आणि बोलायचं काय, हे कोणाला सुचत नाही. छोट्यालाही सुचत नव्हतं, तरी तो दर रविवारी यायचा. बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवायचा, नळाचा वायसर बदलायचा, बल्ब बघायचा, आणि दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नाही की जायचा. त्याच्यावर एकदा बालंट आलं, की या घराची पायरी चढणारं शेवटचं माणूस गेलं, हे खोडरबरला स्वच्छ दिसत होतं.

शुक्रवारी त्याने संपादकबाईंना धीर करून विचारलं, "बाई, या मालिकेत असा एखादा भाग नाही का, की शेवटी कळतं, आत कोणीच आलं नव्हतं?"

"कोणीच नाही?" बाईंनी चष्मा वर केला. "मग खून कोणी केला?"

"खून नव्हताच."

"अहो, मग ती गोष्ट कसली? ते तर घरोघरी..." बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांना घटना माहीत होती. त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि उगाचच समोरचे कागद सारखे केले. "नाही हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तसा भाग नाही."

शनिवारी बायको जाड दोरा आणायला बाजारात गेली, तेव्हा तो शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन मुलाच्या दारापाशी उभा राहिला. कडी जुनी आणि गंजलेली होती. तिच्यावर तळहाताने जोरात थाप मारावी तेव्हा कुठे ती खोबणीत बसायची. तेलाचे चार थेंब सोडले असते, तर दोऱ्यानेही सरकली असती. कडी सरकली तर मेहुणा खुनी ठरणार होता. नाही सरकली, तर त्यांचा मुलगा आईबापांना टाकून आपल्या पायांनी गेला, एवढंच उरणार होतं. खोडरबरला त्या क्षणी मेहुण्यापेक्षा बायको जवळची वाटली, आणि याची त्याला लाजही वाटली. बाटलीचं बूच त्याने उघडलं. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग त्याने बूच लावलं आणि बाटली जागेवर नेऊन ठेवली.

रविवारी तो मेहुण्याला गाठायला कोपऱ्यावर जाऊन थांबला. येऊ नकोस म्हणून फोन त्याने आदल्या दिवशीच केला होता, पण त्यावरून ताईला बरं नाही असा अर्थ काढून छोट्या नेहमीपेक्षा लवकरच आला. खोडरबरने त्याला दुकानाच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. दोरा, कडी, किल्ली, गच्ची. सांगताना शरमेने त्याची मान वर होत नव्हती. छोट्या ऐकताना बिस्किटांचा पुडा हातात फिरवत राहिला.

"तू आज परत जा," खोडरबर म्हणाला. "तिचं मनावर घेऊ नकोस. तिच्या डोक्यातून जाईल हे."

"जाईल का भाऊजी?"

खोडरबर पायरीवरची धूळ बोटाने पुसू लागला.

"कोणीतरी सापडलं तर तिला बरं वाटेल, नाही का?" छोट्या म्हणाला आणि उठून चालू लागला.

बायकोने तयारी जय्यत ठेवली होती. नवा जाड दोरा, नवा खिळा. नेहमीसारखं "ये, बस" झालं नाही. "छोट्या, पुडा ठेव आणि हे टोक धर," ती म्हणाली. "मी सांगितलं की ओढायचं. अहो, तुम्ही आत जा."

"मी नाही जात," खोडरबर पहिल्यांदाच म्हणाला.

छोट्याने दोऱ्याचं टोक हातात घेतलं. त्याच्या पंजात तो दोरा फारच बारीक दिसत होता. त्याने तो ओढला नाही. हळूहळू गुडघ्यांवर हात टेकत तो दारासमोर जमिनीवर बसला.

"ओढायला नको, ताई," तो म्हणाला. "मीच केलं."

खोडरबरने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी कोणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं, तसं तिचं तोंड सैल पडलं. ती भावासमोर बसली. आवाज अगदी मऊ झाला होता.

"कसं केलंस? सांग. मी रागावणार नाही."

"दोऱ्याने."

"ते मला माहीतच होतं. दोरा वरून घातलास की खालून?"

"खालून," छोट्या म्हणाला. मग तिच्याकडे बघत, "म्हणजे... खालूनच ना?"

"आणि खिळा?"

"खिळा होताच तिथे."

"खिळा मी ठोकला," बायको म्हणाली. "परवा."

छोट्याने ओठांवरून जीभ फिरवली. कपाळावर घाम आला होता. शाळेत पाढे म्हणायला उभं केलं की असाच घामाघूम व्हायचा, असं ती नेहमी हसत सांगायची.

"बरं, राहू दे खिळा. मी गच्चीवर गेले तेव्हा आलास ना तू? मग जिन्यात मला कसा दिसला नाहीस?"

"मागच्या जिन्याने आलो."

"या इमारतीला मागचा जिना आहे का, छोट्या?"

बाहेर रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा घरघरत होती. ती सुरू होऊन निघून गेली, आणि मग छोट्या एवढ्या मोठ्या अंगाने ओक्साबोक्शी रडू लागला. "मी बोललो ना त्याला, ताई. त्या दिवशी. एवढा घोडा झालास म्हणालो. बापाच्या जिवावर किती दिवस लोळणार म्हणालो. माझ्या दुकानात ये, टायर उचल म्हणालो. तो काही बोललासुद्धा नाही गं, नुसता हसला आणि आत गेला. मग मीच मारलं ना त्याला? जिना नसेना का! मीच मारलं!"

"बोलण्याने दाराला कडी लागत नाही," बायको म्हणाली.

तिने त्याच्या हातातून दोरा काढून घेतला आणि बोटांभोवती गुंडाळू लागली. सावकाश, गुंता होऊ न देता. गुंडाळून झाल्यावर ती त्या गुंडीकडेच बघत बोलली.

"तुला लहानपणापासून खोटं धड बोलता येत नाही. कडी त्यानेच लावली. मी ऐकली."

"काय ऐकलीस?" खोडरबरने विचारलं.

"कडी. थाप मारल्याशिवाय बसते का ती? केवढा आवाज होतो. मी भांडी घासत होते. हा छोट्या बाहेर पडला आणि लगेच आवाज आला. मला वाटलं, रुसलाय. बसू दे म्हटलं रुसून, भूक लागली की येईल बाहेर. मग मी गच्चीवर गेले. ऊन छान होतं. कपड्यांच्या घड्या वरच घालत बसले." ती थांबली. "दार वाजवायला हवं होतं. मी वाजवलं नाही."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढे भाग, एवढ्या खोल्या, दोरे, खिळे, हे सगळं ती तो एक आवाज पुसायला करत होती, आणि तो स्वतः रोज संध्याकाळी पिशवी भरून तिला पानं आणून देत होता. खोडरबरला वाटलं, तिला जवळ घ्यावं. पण तिघंही त्या दारासमोर तसेच राहिले, जणू काही आतून कोणी येणार होतं.

शेवटी तीच उठली. भावाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "तोंड धुऊन घे. जा आता घरी. मुलं वाट बघत असतील." छोट्या गेला. पुढच्या रविवारी येशील ना, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

बायकोने स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. मग ती बाहेर आली.

"अहो, जरा आत जा," ती म्हणाली. "आणि कडी लावा."

"आता कशाला? दोरा तर काढलास."

"जा ना."

खोडरबर आत गेला. त्याने दार ओढून घेतलं आणि कडीवर तळहाताची थाप मारली. ठक्कन आवाज झाला. तो ऐकून बाहेर ती जागीच उभी राहिली असावी, कारण पावलं वाजली नाहीत. मग ती स्वयंपाकघराकडे गेली. नळ सुरू झाला, बंद झाला. पावलं परत दारापाशी आली.

दार वाजलं. हलकेच, बोटांच्या पेरांनी, झोपमोड होऊ नये इतपत.

"झोपलास का रे?"

खोडरबरला ती जन्मात कधी 'अरे' म्हणाली नव्हती.

"बाळा, चहा टाकलाय. उघड ना." पुन्हा दार वाजलं. "मामा गेला. कोणी काही बोलणार नाही तुला."

खोडरबरचा हात कडीवर गेला. कडी काढली की दारातून तो बाहेर येणार होता, दुसरं कोणी नाही. तिलाही ते कळत होतं, म्हणूनच तर ती घाई करत नव्हती, मध्ये थांबत होती, आतली चाहूल घेत होती आणि पुन्हा वाजवत होती. खोडरबरने कडी काढली नाही. तिच्यावर हात ठेवून तो दाराशी उभा राहिला, आणि त्याने तिला वाजवू दिलं.